एकशे चार दोनदा आलं: लाल विंचू, सात वर्षांची मुलगी आणि बीपीचा आकडा

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. कोकणात या दिवसांत घरोघरी आगोटीची कामं चाललेली असतात, पाऊस पडायच्या आत लाकूडफाटा, शेणी, पेंढा सगळं आत घ्यायचं असतं, आणि नेमकी तीच जागा लाल विंचवाची. मी तेव्हा एका ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीला होते. दोन मॉनिटर, एक सिरिंज पंप (औषध ठरलेल्या वेगाने थोडं थोडं सोडणारं यंत्र), ऑक्सिजन होता, व्हेंटिलेटर नव्हता, आणि मोठं हॉस्पिटल घाटरस्त्याने अडीच तासांवर. ही केस मी शिकवताना बऱ्याचदा सांगितलीय पण पूर्ण कधी लिहिली नव्हती. बीपी म्हणजे नक्की काय मोजतो आपण, हे मला एमबीबीएसच्या पाच वर्षांत जेवढं कळलं नाही तेवढं त्या एका रात्रीत कळलं.

मुलगी सात वर्षांची. आजीबरोबर पडवीत फाटी रचत होती, पावणेसातच्या सुमारास उजव्या पायाच्या अंगठ्याला चावला. आजीने विंचू मारून प्लास्टिकच्या डबीत घालून आणला होता, लालसर तपकिरी, नांग्या बारीक, शेपूट जाड, म्हणजे लाल विंचूच. आधी गावातल्या एकाकडे उतरवायला नेलं, मग वाटेतल्या एका दवाखान्यात, तिथे अ‍ॅव्हिल-डेक्साचं (अ‍ॅलर्जीचं आणि स्टेरॉइडचं) इंजेक्शन देऊन पुढे पाठवलं, आणि शेजाऱ्याच्या रिक्षातून आमच्याकडे पोचेपर्यंत साडेआठ झाले. पावणेदोन तास गेले होते.

आई सांगत होती, "मॅडम, आधी लय रडत होती, आता दुखत नाही म्हणते. आम्हाला वाटलं उतरला, पण उलट्या थांबेनात म्हणून आणली." हे वाक्य ऐकून कुणालाही बरं वाटेल. मला वाटलं नाही, कारण लाल विंचवाच्या बाबतीत गणित उलटं असतं. जो पेशंट चावलेल्या जागी बोंब मारून दुखतंय म्हणतो आणि बाकी ठणठणीत असतो तो बहुतेक वेळा सुखरूप घरी जातो, आणि ज्याचं दुखणं कमी पण घाम, उलट्या, थंड हातपाय आहेत त्याच्याकडे धावायचं. मुलीचे केस आंघोळ केल्यासारखे ओले होते, फ्रॉक पाठीला चिकटलेला, तोंडातून लाळ, आणि मी हात धरला तर कोपरापर्यंत बर्फ. मे महिन्यात, जिथे आम्ही सगळे पंख्याखालीसुद्धा घामेजलो होतो तिथे.

सिस्टरनी तोवर बीपी घेतलं. "११८/८६ मॅडम, नॉर्मल आहे."

इथे थोडं थांबते, कारण या एका ओळीत दोन चुका आहेत आणि दोन्ही रोज कुठे ना कुठे होत असतात. पहिली म्हणजे ११८/८६ हा आकडा मोठ्या माणसासाठी ठीकठाक वाटेल, सात वर्षांच्या पोरीसाठी तो जास्त आहे. मुलांचं वरचं बीपी साधारण ९० अधिक वयाची दुप्पट धरतात, म्हणजे हिचं १०४ च्या आसपास असायला हवं, आणि ७० अधिक वयाची दुप्पट, म्हणजे ८४ च्या खाली गेलं की धोका. दुसरी चूक कफची. मोठ्या माणसाचा कफ त्या काडीसारख्या दंडाला जवळजवळ दोनदा गुंडाळला गेला होता. कफ फार मोठा असेल तर आकडा खोटा कमी येतो, फार लहान असेल तर खोटा जास्त. कफच्या आतल्या फुग्याची रुंदी दंडाच्या घेराच्या साधारण ४० टक्के हवी. लहान मुलांचा कफ होता आमच्याकडे, पण कपाटात खालच्या खणात, कारण रोज लागत नाही. तो शोधून लावायला दहा मिनिटं गेली, आणि मग आकडा आला १३८/१०२. सिस्टर माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांची चूक होती असं मी म्हणणार नाही, हाताशी जो होता तोच त्यांनी लावला.

नाडी १४८. मनगटावर सापडता सापडेना, दंडाच्या आतल्या बाजूला बरी लागत होती. नख दाबून सोडलं तर रंग परत यायला साडेचार सेकंद, हे दोन सेकंदांत व्हायला हवं. ऑक्सिमीटर बोटावर काही केल्या पकडेना कारण बोटात रक्तच पुरेसं येत नव्हतं, कानाच्या पाळीला लावला तेव्हा ९६ दिसले. छाती स्वच्छ. ईसीजीत ठोके जलद आणि टी वेव्ह, म्हणजे आलेखातली ठोक्याच्या शेवटची लाट, उंच. वजन आईला पाठ होतं, शाळेच्या तपासणीत १८ किलो निघालं होतं.

आता कोडं असं आहे की बीपी तर वाढलंय, मग हातपाय थंड कसे? बीपी जास्त म्हणजे रक्त जोरात वाहतंय असंच आपल्या डोक्यात बसलेलं असतं ना.

विहिरीवरची मोटर डोळ्यासमोर आणा. पाइपचा शेवटचा कॉक अर्धा बंद करा. पाइपमधला दाब वाढेल, पाइप फुगून कडक होईल, प्रेशर गेज असेल तर काटा वर जाईल, पण बादली भरायला दुप्पट वेळ लागेल आणि मोटर तापायला लागेल. बीपी म्हणजे त्या गेजचा काटा. त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात, हृदय मिनिटाला किती रक्त ढकलतंय आणि पुढच्या धमन्या किती आवळलेल्या आहेत, त्या दोघांचा गुणाकार. आकडा बघून त्यातला कुठला भाग किती हे कळत नाही. बादली किती भरतेय हे कळायला हात धरावा लागतो, नख दाबावं लागतं, लघवी होतेय का विचारावं लागतं.

लाल विंचवाचं विष नेमकं तो कॉक आवळतं. विष मज्जातंतूंच्या टोकांवरचे सोडियमचे दरवाजे उघडे ठेवतं, ते बंदच होत नाहीत, मग तंतू सतत पेटलेले राहतात आणि शरीरातलं अ‍ॅड्रिनलिन, नॉरअ‍ॅड्रिनलिन धबधब्यासारखं बाहेर येतं. सुरुवातीला घाम, लाळ, उलट्या, मुलग्यांमध्ये लिंगाला ताठरपणा, हे सगळं दिसतं, आणि त्याच्या पाठोपाठ धमन्या आवळल्या जातात. हृदयाचा डावा कप्पा त्या आवळलेल्या पाइपविरुद्ध ढकलत राहतो, एकीकडे अ‍ॅड्रिनलिनचा मारा स्नायूवरही होतो, आणि काही तासांत तो दमतो. दमला की रक्त मागे फुप्फुसात साठतं, पाणी भरतं, पेशंट गुलाबी फेस खोकतो. कोकणात पूर्वी विंचवाने पोरं दगावायची ती अशी, रात्री चावायचा आणि पहाटेपर्यंत खेळ संपायचा.

यावरचा उपाय महाडमधून आला, आणि मला त्याचा फार अभिमान आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, विंचवाच्या पेशंटच्या उशाशी रात्र रात्र बसून त्यांनी नाडी-बीपी-लक्षणं लिहून ठेवली, १९८२ मध्ये ते निरीक्षण लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि पुढे त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी प्राझोसिन वापरून दाखवलं, साधी बीपीची गोळी, अतिशय स्वस्त. ती आवळलेल्या धमन्या सैल करते, म्हणजे कॉक उघडते. शंभरात तीस-चाळीस दगावायचे ते प्रमाण एक-दोनाच्या आसपास आलं. २०२२ मध्ये हिंमतरावांना पद्मश्री मिळाली. या सगळ्यात मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती धाडसाची, थंडगार पडलेल्या, नाडी न लागणाऱ्या पोराला बीपी उतरवायची गोळी द्यायची. आकड्याकडे बघणारा माणूस हे करूच शकत नाही, आत काय चाललंय ते ज्याने बघितलंय तोच करू शकतो.

तर आम्ही सुरू केलं. डोस किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, १८ किलोला ५४०, म्हणजे १ मिलिग्रॅमची गोळी अर्धी. साधी गोळीच हवी, हळूहळू सुटणारी मोठी गोळी फोडून चालत नाही, आणि मेडिकलमध्ये बऱ्याचदा तीच हातात देतात म्हणून आम्ही साधी वेगळी ठेवतो. ८:५० ला अर्धी गोळी पाण्यात विरघळवून चमच्याने दिली, नऊ वाजता उलटी. किती पोटात राहिली, किती बाहेर गेली, कुणाला माहीत. पुन्हा दिली तर जास्त होईल का ही भीती, नाही दिली तर काहीच जाणार नाही ही दुसरी भीती. उलटीचं इंजेक्शन दिलं, वीस मिनिटं थांबले, ९:२० ला पुन्हा अर्धी दिली आणि ती टिकली. ती वीस मिनिटं मी थांबायला नको होतं असं मला आजही वाटतं. आईला बजावलं की मुलीला आता कडेवर घ्यायचं नाही, उठवून बसवायचं नाही, कारण या गोळीच्या पहिल्या डोसनंतर उभं केलं तर बीपी एकदम कोसळू शकतं. आजी पलंगाशेजारी खाली बसली आणि तिने मुलीच्या खांद्यावर हात ठेवला तो सकाळपर्यंत काढला नाही.

साडेनऊला विंचवाची लस, म्हणजे विषावरचं प्रतिविष, तेही सलाइनमधून सुरू केलं. महाडच्याच २०११ च्या अभ्यासात, जो ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये (बीएमजे) आला, प्राझोसिनबरोबर लस दिलेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले, नुसत्या प्राझोसिनवरचे ३५ पैकी ८. म्हणजे लस असेल तर द्यावी, पण तिची वाट बघत गोळी लांबवू नये.

९:५० ला बीपी १२४/९८. उतरतंय, बरं वाटलं. सव्वादहाला १०४/८२.

१०४. वयाच्या हिशोबाने तंतोतंत जे हवं ते. आमचा इंटर्न, फार चांगला मुलगा, खुशीत म्हणाला, "मॅडम, नॉर्मलला आलं." आणि त्याच वेळी मुलगी खोकली. कोरडा, बारीक खोकला, दोनदा.

मी पुन्हा हात धरला. थंडच होता, आधी कोपरापर्यंत होता आता दंडापर्यंत. नाडी १६४, श्वास ४४, कानावरचा ऑक्सिजन ९१, आणि पाठीला स्टेथो लावला तर दोन्हीकडे खाली बारीक बुडबुडे, केस कानाजवळ चोळल्यावर येतो तसा आवाज. हृदयाच्या ठोक्यात तिसरा आवाज, घोडा दुडकतो तसा.

आता खरा प्रश्न. बीपी उतरलं ते गोळीमुळे की हृदय दमलं म्हणून? दोन्हीत आकडा खालीच येणार, आणि उपचार मात्र वेगवेगळे. उत्तर त्या आकड्यातच होतं पण वरच्यात नव्हतं, दोघांच्या फरकात होतं. १०४ मधून ८२ गेले, उरले २२. हा फरक म्हणजे हृदय एका ठोक्याला किती रक्त फेकतंय याचा ढोबळ अंदाज, आणि तो वरच्या आकड्याच्या पाव भागापेक्षाही कमी झाला की समजायचं ठोका पोकळ आहे. खालचा आकडा अजून ८२ म्हणजे धमन्या आवळलेल्याच आहेत. गोळीने सैल झाल्या असत्या तर खालचा आकडा आधी पडला असता, फरक वाढला असता आणि हात गरम झाले असते. म्हणजे कॉक बंदच होता आणि मोटर बसत चालली होती. काटा खाली आला तो त्यामुळे.

इंटर्नने तोवर सलाइनची बाटली हातात घेतली होती. थंड हातपाय, जलद नाडी, बीपी उतरतंय, पुस्तकात शॉक म्हटलं की किलोमागे २० मिली, म्हणजे ३६० मिली भरभर सोडायचं. त्याचं चुकत नव्हतं, जुलाब-उलट्यांच्या पोराला तेच करायचं असतं आणि हिलाही उलट्या झाल्याच होत्या. पण इथे पाणी कमी पडत नव्हतं, हृदयाची मोटर पुढे ढकलत नव्हती. त्या फुप्फुसात आणखी ३६० मिली गेलं असतं तर व्हेंटिलेटर नसलेल्या त्या खोलीत आम्ही काय केलं असतं याचा विचार मी आजही करू शकत नाही. मी त्याचा हात धरला, बाटली खाली ठेवायला लावली आणि त्याला म्हटलं तू पाठीला स्टेथो लाव. त्याने लावला, ऐकलं, काही बोलला नाही, आणि स्वतःच ऑक्सिजनचा मास्क आणायला पळाला.

पलंगाची डोक्याकडची बाजू वर केली, इतकी की श्वास हलका व्हावा, पण मुलीला उचलून बसवलं नाही. मास्कने ऑक्सिजन. डोब्युटामिन सुरू केलं, हृदयाच्या आकुंचनाला जोर देणारं, मिनिटाला किलोमागे ५ मायक्रोग्रॅम, म्हणजे ५० मिलीत ५० मिलिग्रॅम करून तासाला ५.४ मिली. हिशोब मी कागदावर केला आणि सिस्टरकडून वेगळा करून घेतला, दोघींचा जुळल्यावरच पंप सुरू केला. लघवीवाटे पाणी काढणारं लॅसिक्सचं इंजेक्शन भरून ठेवलं पण दिलं नाही, घाम-उलट्यांनी अंगातलं पाणी आधीच गेलं होतं, फुप्फुसात होतं ते चुकीच्या जागी होतं एवढंच. अ‍ॅट्रोपिन तर मुळीच नाही, ते लाळ-घाम सुकवतं म्हणून द्यायचा मोह होतो पण नाडी आणि बीपी दोन्ही आणखी भडकतात. मोठ्या हॉस्पिटलच्या बालरोगतज्ज्ञांना फोन लावला, ते म्हणाले आत्ता घाटात घालू नका, पंप चालू ठेवा, दर पंधरा मिनिटांनी हात बघा, ऑक्सिजन ८८ च्या खाली गेला तर मात्र निघा, १०८ ची गाडी दारात उभी करून ठेवा. गाडी पावणेबाराला आली आणि ड्रायव्हर दादा रात्रभर बाकावर बसून राहिले.

साडेअकरापर्यंत काहीच हललं नाही. हे लिहिताना सुद्धा तो वेळ मला लांबच लांब वाटतोय, आकडे तेच, खोकला तोच, आजीचा हात तिथेच. १२:२० ला, टिकलेल्या डोसला तीन तास झाल्यावर, प्राझोसिनचा पुढचा डोस. बीपी तेव्हा ९६/७८ होतं आणि हात थंड होते. खरं सांगते, गोळी चमच्यात विरघळवताना माझी बोटं कापत होती, पण फरक अजून १८ च होता, कॉक उघडल्याशिवाय मोटरीची सुटका नव्हती.

एक वाजून चाळीस मिनिटांनी नाडी १४०, श्वास ३६, नखाचा रंग तीन सेकंदांत. इंटर्न म्हणाला मॅडम मनगटावर लागतेय नाडी, मी बघितलं, लागत होती. तीनला बीपी १००/६६, पाठीचे बुडबुडे अर्ध्यावर, ऑक्सिमीटर पहिल्यांदाच बोटावर पकडला, ९५. तळहात कोमट. मध्येच लघवी झाली, चादर ओली झाली आणि आई माफी मागायला लागली. मी तिला म्हटलं अहो, याचीच वाट बघत होतो आम्ही.

४:४० ला बीपी १०४/६२.

पुन्हा तेच १०४, पण यावेळी फरक ४२. आता सरासरी दाब काढून बघा, खालच्या आकड्यात फरकाचा एक तृतीयांश मिळवायचा. रात्री सव्वादहाच्या १०४ ला सरासरी निघते ८९, पहाटेच्या १०४ ला ७६. म्हणजे पहाटे दाब कमी होता आणि रक्त जास्त वाहत होतं. हात गरम, पाय घोट्यापर्यंत गरम, मग बोटांपर्यंत. नाडी ११६. ज्यांना अजूनही वाटतं की बीपी टिकवलं म्हणजे पेशंट टिकला, त्यांना मी हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून दाखवते.

आणि पाचच्या सुमारास मुलगी रडायला लागली. "आई, अंगठा दुखतोय." आई घाबरून माझ्याकडे धावली, पुन्हा चढला का काय म्हणून. विष ओसरलं की चावलेल्या जागेचं दुखणं परत येतं, हे मी वाचलं होतं, पण असं समोर ऐकलं तेव्हा मला माझंच रडू आवरेना. पॅरासिटामॉल दिलं. डोब्युटामिन हळूहळू कमी करत दुपारी बंद केलं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या हॉस्पिटलमध्ये इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला, हृदयाची ढकलण्याची ताकद ३८ टक्के, डावा कप्पा सगळीकडून सुस्त. आठ दिवसांनी ६०. ही गोष्ट मला फार सुंदर वाटते, कारण हार्ट अटॅकमध्ये स्नायू मरतो तसं इथे बहुतेक वेळा होत नाही, तो नुसता भोवंडून जातो आणि भरून येतो. जपानमध्ये १९९० च्या सुमारास मोठ्या धक्क्यानंतर हृदय असंच तात्पुरतं दमतं याचं वर्णन झालं, आक्टोपस पकडायच्या मडक्यावरून त्याला ताकोत्सुबो म्हणतात. पूर अ‍ॅड्रिनलिनचाच, तिथे दुःखातून येतो, इथे पडवीतल्या फाट्यांतून.

त्या आठवड्यात आम्ही लहान मुलांचा कफ खालच्या खणातून काढून बीपीच्या स्टँडलाच दोरीने बांधला. आणि विंचवाच्या पेशंटच्या कागदावर बीपीच्या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने आखले, एक दोन आकड्यांच्या फरकाचा, आणि दुसरा "हात-पाय कुठपर्यंत थंड", त्यात बोटं, मनगट, कोपर, दंड, यातलं एक दर पंधरा मिनिटांनी लिहायचं. पहिल्यांदा तो रकाना त्या इंटर्ननेच स्केलपट्टीने आखला.